अनुस्वार

फ्लेक्सचं मशीन गावात आलं त्या वर्षी
मी सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले
आणि जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले.
अंबाजोगाईच्या मोंढ्यात अजून दोन-तीन भिंतींवर मी आहे,
'खते-बियाणांचे अधिकृत विक्रेते, अंबा ट्रेडिंग कंपनी',
कोपऱ्यात बारीक 'सुग्रीव आर्ट्स'.
'अधिकृत'चा ऋकार पानाच्या पिंकेनं खाल्ला.

मागं न्हाणीला लागून सीताफळाची तीन झाडं.
दोन बुट्टेनाथच्या दरीतून उपटून आणलेली,
एक द्वारकानं थुंकलेल्या बीचं.
न्हाणीचं पाणी, चुलीची राख,
बुडाशी पुरलेला फुटका माठ, त्यातून चिंधीची वात.
एवढं करून सहा वर्षं नुसती फुलं.
हिरवी, खाली मान घातलेली,
येत आणि गळत.

'पेंटरसाब, डोंगरात पाटीनं मिळतंय,
घरात वांझ झाडं कशाला पोसायलाव?'
रुक्सानाभाभी भिंतीपलीकडून.
द्वारका धुणं पिळत होती, ती थांबली.
'झाडाला काय धाड भरली?
येणारं कुणी येत नाही, एवढंच.'

खरंच एवढंच होतं.
रोपवाटिकेतल्या गुलाबनं सांगितलं,
हे फूल पहिल्या दिवशी बाई असतंय,
दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाप्या.
मधी एक बारका भुंगेरा लागतो, तो गावात फिरकत नाही.
'एका घरात राहून गाठ नाही,' द्वारका हसली,
'तुम्ही रातभर बोर्ड रंगवायचात, तसंच की.'

मग माळ्यावरून शून्य नंबरचा ब्रश काढला.
खारीच्या केसांचा, टोक अजून शाबूत.
संध्याकाळी पसरलेल्या फुलांतली भुकटी
तपकिरीच्या डबीत झाडून घ्यायची.
पहाटे साडेपाचला द्वारकाच्या हातात बॅटरी.
जे फूल नुसतं किलकिलं झालंय
त्याच्या तीन जाड पाकळ्या बोटानं लांबवायच्या,
आत ब्रश एकदा गोल फिरवायचा.

टिंब.

आयुष्यभर हेच केलं होतं मी.
अंबा ट्रेडिंग कंपनी: तीन अनुस्वार.
एक राहिला की शेठ दहा रुपये कापायचा.
एक्केचाळीस फुलांना दिले,
प्रत्येकाच्या देठाला लुगड्याचा लाल दोरा.

एकोणीस धरली.
मेच्या वाऱ्यात चार गेली, दोन काळी पडून खड्यासारखी टणक.
एका काटकुळ्या फांदीवर तीन दाटली होती,
त्यातलं एक मीच खुडलं.
दाटीत अक्षर वाचता येत नाही.
द्वारका दिवसभर बोलली नाही.

पिठ्या ढेकूण आला तेव्हा एक इंची चपटा ब्रश,
साबणाचं पाणी, आणि प्रत्येक खवल्याच्या फटीतून हात.
वटवाघळांसाठी कापडी बॅनर फाडून पिशव्या शिवल्या.
झाडावर लटकलेलं 'प्रचंड',
त्याच्या खाली 'मतांनी',
'विजयी' नेमकं संडासाच्या बाजूला.
बघायला गल्लीतली लेकरं भिंतीवर चढली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी 'मतांनी' सोडून पाहिलं.
डोळे उघडले होते,
खवल्याखवल्यांमधल्या रेषा फिकट पिवळ्या,
पहिला हात दिलेल्या भिंतीसारख्या.
फळ गोल. कुठूनही दबलेलं नाही.
डोंगरातलं इतकं गोल मी पाहिलं नव्हतं.

पिकायला तीन दिवस तांदळाच्या डब्यात.
अर्धं रुक्सानाभाभीला दिलं.
ती खाताना काही बोलली नाही,
मग म्हणाली, 'बिया मला ठेवा.'
द्वारका तळहातावर बिया मोजत बसली,
सदतीस, अडतीस,
मधेच हिशेब चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

मी ब्रश धुतला.
टर्पेंटाइननं नाही, साध्या पाण्यानं,
आणि टोक ओठात धरून सरळ केलं.
जिभेला किंचित गोड लागलं,
की तसं वाटलं.